चढणाऱ्याला वाट

हिलालआबांनी आम्हाला कधी ‘पळा’ असं सांगितलं नाही. रविवारी उजाडता उजाडता लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आम्ही चौघे एकामागे एक उभे राहायचो. आबा खांद्यावरचा पंचा कमरेला आवळायचे, आमच्या पायांकडे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, “चला, काढा गाड्या.” पुढच्या तासाभरात त्यांच्या तोंडून पाय, छाती, दम असले शब्द क्वचितच निघत. गिअर, ब्रेक, टायर, इंजिन एवढ्यावर त्यांचं भागायचं आणि आमचंही भागायचं. हल्ली रंगीत बूट घालून टेकड्या चढणारी मंडळी भेटतात, मनगटावरचं घड्याळ त्यांना काय काय सांगतं ते कौतुकानं दाखवतात. मी मान डोलावतो. मनात म्हणतो, असेल बुवा, आमच्याकडे आबा होते.

आबा धुळ्याबाहेर आग्रा रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर गाड्यांच्या चाकांत हवा भरायचे. पन्नाशी उलटलेली, अंगानं बुटके आणि भक्कम, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात ट्रकच्या जुन्या टायरपासून बनवलेल्या चपला. त्या चपला घालून ते शेणानं सारवलेल्या अंगणातून चालल्यासारखे आवाज न करता चालत. हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला ते उजवा हात वर करत. ड्रायव्हरनं बघितलं तरी करत, नाही बघितलं तरी करत. पाठ रस्त्याकडे असली तरी गाडी कितव्या गिअरमध्ये आहे ते सांगत, आणि ती चुकीच्या गिअरमध्ये असली की त्यांचा चेहरा दात दुखल्यासारखा व्हायचा. तीस वर्षं ते रावेरच्या एका मालकाचा केळीचा ट्रक चालवत होते. मग त्यांच्या हातातलं स्टेअरिंग गेलं. ते कसं गेलं हे आम्हाला बरंच नंतर कळलं.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. बाप्या माणसानं भर रस्त्यात पळावं अशी दोनच कारणं तेव्हा धुळ्याला मान्य होती, एकतर गाडी चुकत असावी किंवा कुत्रं मागे लागलेलं असावं. मी एका सरकारी कचेरीत कारकून. दुसऱ्या मजल्यावर फाइल पोचवताना मला धाप लागायला लागली, म्हणून पळायला लागलो. चंपालालशेठचं आग्रा रोडवर कापडाचं दुकान. दिवसभर गादीवर बसून त्यांचं पोट पुढे आणि साखर वर गेली होती. डॉक्टरांनी त्यांना घाबरवलं आणि त्यांनी मला गाठलं. आम्ही दोघे सायकलींवर लळिंगला जायचो, किल्ल्याचा चढ जीव खाऊन पळायचो, अर्ध्यात बसायचो, ओकाऱ्या काढायचो आणि उतरताना धाडधाड उतरायचो. याला आम्ही व्यायाम समजत होतो.

एका रविवारी परतताना शेठच्या सायकलीची हवा गेली. पंपावर थांबलो. आबांनी सायकलीकडे बघितलंच नाही. उकिडवे बसून ते शेठच्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “शेठ, पाय उचला जरा.” शेठनी भिंतीला धरून पाय उचलला. टाच झिजून कापड दिसायला लागलं होतं, पुढचा तळ मात्र कोरा होता.

“तुम्हना टायर मांगेथून घसाई ग्यात,” आबा म्हणाले. “ब्रेक दाबी दाबी उतरतस का काय?”

शेठनी दुसरा पाय उचलून पाहिला, तोही तसाच. आबांनी मलाही पाय उचलायला लावला. माझीही तीच गत होती. आबा उठले, हात पुसले आणि खरोखर हळहळून म्हणाले, “नव्या गाड्या शेत. असा नास नका करू.” चाळिशीच्या दोन फोपशा माणसांना नव्या गाड्या म्हणणारा तो पहिलाच मनुष्य. पुढच्या रविवारी आम्ही त्यांना घेऊनच किल्ल्यावर गेलो.

लवकरच आम्ही चौघे झालो. एका दवाखान्यातला कंपाउंडर बापू आला. हा उत्साही, बडबड्या माणूस, कुठलंही काम सोप्या रस्त्यानं कसं होईल ते आधी बघणारा. आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या प्रमिलाबाई आल्या. सलवार-कमीज, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, केसांचा घट्ट अंबाडा. बाई पळतात म्हणून गावात कुजबूज व्हायचीच. पंपावर एकदा एका ड्रायव्हरनं दात काढून विचारलं, “आबा, बाईमानूस डोंगरवर कसाले पळस?” आबा हवेची नळी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, “घाटले बाई समजत नही, मानूस समजत नही. त्याले गिअर समजस. तुले तो बी समजत नही, मी आयकस रोज.” तो ड्रायव्हर चहा अर्धा टाकून गेला.

आबांची पहिली शिकवण चढाची. गडी चढाला भिडला की जोर लावतो आणि पन्नास पावलांत फुटतो, हे त्यांनी आमच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं होतं. ते म्हणायचे, “गिअर चढ लागाना पहिले बदलाना ऱ्हास. चढ लागावर बदलशात तं गाडी मरस.” म्हणजे सपाटीवरची शेवटची वीस पावलं उरली की पाऊल निम्मं करायचं. पायांचा ठेका तोच ठेवायचा, फक्त पाऊल छोटं. कोपर अंगालगत, हात खिशाच्या उंचीवर, कंबर मोडायची नाही. माथ्याकडे बघायचं नाही, पुढच्या वळणाकडे बघायचं, तिथे पोचलं की त्याच्या पुढच्या. आणि वर पोचल्या पोचल्या हुश्श करून थांबायचं नाही. माथ्यावरून पुढे पन्नास पावलं जायचंच. आबा म्हणत की घाट चढून आलेलं इंजिन एकदम बंद करणारा ड्रायव्हर त्यांनी आयुष्यात जवळ केला नाही.

चढताना इंजिन जास्त तापलंय का हे ओळखायची त्यांची युक्ती सोपी होती. बोलत राहायचं. बोलता येतंय तोवर गाडी ठीक, शब्द अडकला की गिअर खाली. पण चढावर बोलायचं काय? आबांनी ज्याला त्याला त्याचं त्याचं काम दिलं. प्रमिलाबाई एकोणतीसचा पाढा म्हणत. बापू गोळ्यांची नावं घेई. मी कचेरीतल्या फाइलींचे विषय म्हणत असे, त्यामुळे मी सगळ्यात आधी थकायचो असं बापूचं मत. आणि चंपालालशेठ दुकानातल्या कापडांची नावं म्हणायचे. “पॉपलीन, मांजरपाट, टेरिकॉट, खादी सिल्क, रुबिया, मलमल…” किल्ल्याच्या वाटेवर पहाटेच्या गारव्यात शेठचं ते दुकान मांडणं ऐकण्यासारखं असे. रुबियावर आवाज चिरकला की मागून आबांची हाक यायची, “शेठ, दुसरामा टाका!” आणि शेठ पाऊल आणखी आखूड करत. पहिल्या महिन्यात ते अर्ध्या वाटेत मांजरपाटावर गार व्हायचे. दिवाळीपर्यंत सगळं दुकान दोनदा म्हणून किल्ल्यावर पोचायला लागले. डॉक्टरांनी त्यांची साखर दोनदा तपासली, पहिल्यांदा त्यांचा विश्वासच बसला नाही.

बुधवारी संध्याकाळी पंपामागच्या छोट्या टेकाडावर आठ फेऱ्या. वर जोरात, खाली रमत. आबा डाव्या खिशात चाकाच्या व्हॉल्व्हच्या आठ टोप्या ठेवत आणि फेरी झाली की एक टोपी उजव्या खिशात टाकत. बापू दर वेळी सांगायचा की आठ झाल्या. आबा डाव्या खिशात हात घालून उरलेली टोपी बाहेर काढून दाखवत, आणि बापू मुकाट्यानं परत खाली जाई.

पण आबांची खरी विद्या उताराची. चढ तर बैलही चढतो, उतरणं हे काम, असं त्यांचं म्हणणं. ट्रकमध्ये शेकडो घड भरलेले, खाली घाटाची वळणं, आणि माल मुंबईला पोचेल तेव्हा एका फणीवरही डाग नको. तीस वर्षं हे केलेला माणूस. त्यांनी आम्हाला उतरायला कसं शिकवलं, तर एका रविवारी प्रत्येकाच्या पाठीला एकेक पिशवी बांधली आणि तीत दोन दोन पिकायला आलेली केळी टाकली. “आते उतरा.”

खाली येऊन आम्ही केळी काढून बघितली. सगळी स्वच्छ पिवळी. आम्ही खूश. आबा हसले. “केळाले मार लागना का तो तव्हय दिसत नही. दुसरा दिन काळं पडस. गुडघानं बी तसंच शे. सोमवारले केळं लई या.”

सोमवारी संध्याकाळी पंपावर आमची केळी ओळीनं मांडली. शेठचं एक केळं पार काळंठिक्कर, माझी दोन्ही ठिपक्याठिपक्यांची. प्रमिलाबाईंच्या केळांना बोटभर डाग. बापूची दोन्ही सोन्यासारखी पिवळी. आम्ही त्याच्याकडे आदरानं बघायला लागलो. आबांनी त्यातलं एक केळं उचललं, देठाकडून पाहिलं, वजन केल्यासारखं तळहातावर धरलं आणि परत ठेवलं. “बापू, हाई केळं मनं नही शे.”

बापूनं शपथा घेतल्या. आबा म्हणाले, “मन्या केळी रावेरकडल्या. हाई धुळानी गाडीवरनं शे. मी तीस साल केळीसंगे झोपनू, बापू.” बापूनं मग कबूल केलं की खरी केळी इतकी काळी पडली होती की त्यानं म्हशीला घातली. आम्ही आठवडाभर हसलो. पण त्यानंतर आम्ही जे उतरायला शिकलो ते आजतागायत विसरलो नाही. अंग मागे टाकायचं नाही, टाच रोवायची नाही, पाऊल अंगाखाली पडलं पाहिजे, गुडघा जरा सैल. नजर चार पावलं पुढे. आणि ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, उतार आहे म्हणून गाडी सोडून द्यायची नाही. दोन महिन्यांनी आमच्या चौघांची केळी सोमवारी संध्याकाळी पिवळीच्या पिवळी असायची. आणि माझ्या मुलाच्या लग्नात, साठाव्या वर्षी, मी मंगल कार्यालयाचे जिने दिवसभर चढत-उतरत होतो. व्याह्यांना त्याचं गुपित कळलं नाही.

आता त्यांचा तो एक नियम. किल्ल्याच्या वाटेवर मधला एक टप्पा अरुंद आहे. तिथे उतरताना समोरून कुणी चढणारा आला की आबा आम्हाला थांबवत. पळता पळता बाजू काढून जाणं त्यांना चालत नसे. पूर्ण थांबायचं, पाठ डोंगराला लावायची, उजवा हात वर करायचा आणि तो पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. मग समोरून शहाणासुरता मनुष्य येवो, शेळ्या येवोत की शाळेची सहल येवो. चढणाऱ्याला हाक मारून बोलण्यात गुंतवायचंही नाही, कारण चढणारी गाडी मधे थांबवायची नसते. एकदा पन्नास-साठ शेळ्या गेल्या आणि आम्ही चौघे हात वर करून उभे. शेळ्यांमागच्या म्हाताऱ्यानं आम्हाला पोलिसांनी पकडलेले चोर समजून आबांना विचारलं, “काय कयं रे भो यासनी?”

प्रमिलाबाईंना कारण लागतं. गणिताच्या ना त्या. त्यांनी खाली आल्यावर विचारलं, “आबा, कडेनं जायला जागा असते. थांबायचंच का?”

आबांनी चपलेतला खडा काढला. मग आम्हाला त्यांची गोष्ट कळली, आणि ती त्यांनी फार थोड्या शब्दांत सांगितली. कसाऱ्याचा घाट. आबा माल भरून मुंबईकडे उतरत होते. एका वळणावर खालून वऱ्हाडाची गाडी आली, जुनी, दमलेली, वर माणसं लोंबकळत होती. वळणावर दोन्ही गाड्या बसत नव्हत्या. आबांनी आपली गाडी कडेला, अगदी कडेला घेतली. वऱ्हाड निघून गेलं. आबांच्या मागच्या चाकाखालची भरावाची माती खचली आणि गाडी चरात कलंडली. माणसाला खरचटलंदेखील नाही. पण गाडी उचलायला यंत्र येईपर्यंत तीन दिवस गेले. चैत्राचं ऊन. सगळी केळी काळी पडली.

“मालक बोलना, तुनी गाडी मोठी व्हती, तू कसाले थांबना? हॉर्न मारीसन निंघी जाता,” आबा सांगत होते. “मी सांगं, मालक, त्याना गाडीमा चाळीस मानसं व्हतात. मनी गाडीमा केळी व्हती. माले उतार व्हता, मी थांबी सकतू. त्याले चढ व्हता. चढले थांबता येत नही.” मालकांनी किल्ली मागून घेतली. तीस वर्षांत पहिली आणि शेवटची गाडी कलंडली ती अशी. घाटातले दुसरे ड्रायव्हरही पुढे कितीतरी दिवस हसत होते म्हणे, की हिलाल वाट देता देता वाटेला लागला.

“मग तुमचं चुकलं असं तुम्हाला वाटतं?” बाईंनी विचारलं.

आबांनी चपला पायात सरकवल्या. म्हणाले, “सात साल व्हयी ग्यात. रोज इचार करस. चुकनं का नही चुकनं. एकलाच शे ना मी, कोनले इचारू?” आणि उठून पंपाकडे चालू लागले. तेव्हा मला कळलं, हा माणूस स्टेअरिंग गेल्याचं दुःख करत नव्हता. त्या वळणावर आपण बरोबर होतो की नाही, एवढंच त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

दोन वर्षांनी चाळीसगावच्या एका व्यायाम मंडळानं तिशी उलटलेल्या हौशी माणसांसाठी डोंगरदौड ठेवली. गावाबाहेरच्या डोंगरावर देवीचं देऊळ. तिथपर्यंत चढायचं, पुजाऱ्याकडून कपाळाला कुंकू लावून घ्यायचं आणि उतरायचं. चौघांचा संघ. चौघांतला शेवटचा माणूस खाली पोचेल ती संघाची वेळ. पहिल्या संघाला ढाल. पत्रक आणलं बापूनं. आबांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि ढाल देणाऱ्या पाहुण्यांचं नाव आलं तेव्हा माझ्या हातून कागद काढून घेतला. पाहुणे रावेरचे, केळीवाले, आबांचे जुने मालक. गोष्टीत घडावं तसं वाटेल, पण त्या काळी खानदेशात ढाल म्हटली की देणारे कोण, कापूसवाले किंवा केळीवाले.

आबांनी कागद घडी करून खिशात ठेवला, व्हॉल्व्हच्या टोप्यांसोबत. “मालकना हातथून ढाल लेवानी शे,” ते म्हणाले. दोन वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट.

मग काय विचारता. बुधवारच्या आठ फेऱ्यांच्या बारा झाल्या, खिशात चार टोप्यांची भर पडली. बापूनं एकही फेरी चुकवली नाही. शेठनी दुकान मुलावर टाकलं. प्रमिलाबाईंचा पाढा एकोणतीसवरून सत्तेचाळीसवर गेला.

चाळीसगावला साठेक माणसं जमली होती. आबांनी नवा शर्ट इस्त्री करून घातला होता, चपला मात्र त्याच. स्टेजवर हार घालून बसलेल्या मालकांकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि आमच्या पायांशी उकिडवे बसून सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या स्वतः तपासल्या. “लाइन तोडू नका. आणि वर देखू नका,” एवढंच म्हणाले.

शिट्टी झाली आणि गर्दी सुसाट सुटली. आम्ही चौघे सगळ्यात मागे, छोट्या पावलांनी, पाढे आणि पॉपलीन म्हणत. लोक हसले. पहिल्या चढापुढे हसणारे कंबरेवर हात ठेवून उभे दिसायला लागले. आम्ही एकेकाला मागे टाकत गेलो. पुढे प्रमिलाबाई, मग शेठ, मग बापू, शेवटी मी. देवळात पोचलो तेव्हा पुजाऱ्याच्या कुंकवाला तोवर कुणी बोट लावलं नव्हतं. शेठचं दुकान अजून उघडंच होतं. माझ्या आयुष्यात मी कशातही पहिला आलो नव्हतो. पुजाऱ्यानं कुंकू लावलं तसं मी कपाळाला बोट लावून ते खरंच लागलंय का बघितलं.

उतरताना माथ्याजवळ जळगावचे चौघे चढताना भेटले, आमच्यामागे दोनच मिनिटं. त्यांना मागे सोडून अर्ध्या वाटेवरच्या अरुंद टप्प्यावर आलो. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला घळ. आणि खालून सगळी गर्दी एका ओळीत चढत येत होती, घामाघूम, खडकाला हात टेकत.

प्रमिलाबाई थांबल्या. पाठ डोंगराला लावली. उजवा हात वर केला.

शेठ थांबले. बापू थांबला. बापू, ज्यानं केळी बदलली होती! मी शेवटचा. मी खोटं लिहीत नाही, मी ओरडलो, “बाई, चला ना! ढाल जाते!” बाईंनी मान वळवली नाही. म्हणाल्या, “भाऊसाहेब, खालून गाड्या येताहेत.”

मी पाठ डोंगराला लावली आणि हात वर केला.

चाळीस-पन्नास माणसं एक एक करत आमच्यासमोरून गेली. एक जाडजूड गृहस्थ शेठच्या खांद्याला धरून पलीकडे गेले. त्यातच वरून जळगावचे चौघे आले, “सरका, सरका” करत चढणाऱ्यांमधून घुसले. त्यात चढणारे एक मास्तर धक्क्यानं खाली आपटले, त्यांच्या तळहाताची साल गेली. जळगावकर निघून गेले. मास्तरांना बापूनं उठवलं, खिशातून कापूस काढून पुसलं. शेवटचा चढणारा गेला तेव्हा आम्ही हात खाली घेतले आणि उतरलो. त्याच गिअरमध्ये.

खाली आबांनी आधी जळगावचे चौघे येताना पाहिले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. त्यांनी पहिला प्रश्न केला, “कोनी पडनं का?”

प्रमिलाबाईंनी जे झालं ते सांगितलं, गणित सोडवून दाखवावं तसं, एक पायरी न गाळता. आबा ऐकत राहिले. पंच्यानं तोंड पुसलं. पुन्हा पुसलं.

बक्षीस समारंभात मालकांनी जळगावकरांना ढाल दिली. मग त्यांनी विचारलं, “ते धुळ्याचे वर पहिले होते ना? मधे काय झालं?” मंडळाच्या कार्यकर्त्यानं हसत सांगितलं की ते वाटेत थांबले, चढणाऱ्यांना जागा देत उभे राहिले. लोकही हसले. मालक हसले नाहीत. गर्दीत त्यांनी आबांना शोधून काढलं. “हिलाल,” ते म्हणाले, “तू अजून तसाच का रे?”

“हा मालक,” आबा म्हणाले. “तसाच शे.”

परतीच्या गाडीत आम्ही चौघे मान खाली घालून बसलो होतो. आबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, नेहमीप्रमाणे गिअर ऐकत. वाटेतलं शिरूड गाव मागे पडलं तेव्हा ते उठून आमच्याजवळ आले. आम्ही माफी मागणार तोच त्यांनी हात वर केला, तोच, वाट देताना करतात तसा.

“मनी गाडी घाटमा लोळनी तव्हय मी एकलाच व्हतू,” ते म्हणाले. “आज चार जन उभा ऱ्हायनात.” त्यांचा आवाज फाटला. “आते माले इचारानी गरज नही शे.”

चंपालालशेठ रडले. मारवाडी माणूस भर गाडीत रडताना मी प्रथमच पाहिला. आणि मी? मला त्या ढालीची आठवण पुढे कधी आली नाही. पण आपण त्या ओळीत उभे होतो, शेवटचे का होईना, उशिरा का होईना, याचा अभिमान मी अजून बाळगतो आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

माझी जळगावला बदली झाली. मंडळी पांगली. दहा-बारा वर्षांनी कामानिमित्त धुळ्याला मुक्काम पडला आणि रविवारी पहाटे मी एकटाच लळिंगला गेलो. पंपावर आबा नव्हते. डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून काम सोडलं, असं तिथल्या पोरानं सांगितलं. किल्ला चढलो, माथ्यावर पन्नास पावलं पुढे गेलो, परत फिरलो.

अरुंद टप्प्यावर आलो तर खालून कुणी येत होतं. खाकी पँट, हातात काठी, टायरच्या चपला. पाऊल निम्मं, ठेका तोच. मी थांबलो, पाठ डोंगराला लावली आणि हात वर केला.

आबा जवळ आले. त्यांच्या डोळ्यांवर पांढरट पडदा होता. समोर कुणीतरी वाट देऊन उभं आहे, एवढंच त्यांना दिसलं असावं. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. हाक मारावी असं फार वाटलं. ओठांपर्यंत आली होती. पण ते चढत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. माझ्यासमोरून गेले तेव्हा मला ऐकू आलं.

“पॉपलीन, मांजरपाट, टेरिकॉट…”

आवाज कुठे अडकत नव्हता. वळणाआड गेले, पुन्हा वरच्या वळणावर दिसले. मी तिथेच उभा राहून बघत होतो. बऱ्याच वेळानं माथ्यावर त्यांची आकृती आली. ते थांबले नाहीत. पुढे चालत गेले, दिसेनासे होईपर्यंत. मग मी हात खाली घेतला.